चष्मेवाले पोकर शिकतात

"पोकर? खेळतो की!" असं चष्मेवाले व्याह्यांसमोर बोलून गेले आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांना दरदरून घाम फुटला. पत्त्यांतला त्यांचा एकूण अनुभव म्हणजे लहानपणी धाकट्या बहिणीशी खेळलेला गुलामचोर. त्यातही गुलाम शेवटी ह्यांच्याच हातात राहायचा.

पण बोलले त्याला कारण होतं. लेकीचं लग्न होऊन महिना झाला होता, आणि घर खायला उठत होतं. सासर दोन गल्ल्या पलीकडे, पण मुलीच्या बापाने उठसूट तिथे जाऊन बसायचं म्हणजे बरं दिसत नाही. (शेजारच्या शिंप्याने 'सहजच' जायच्या तीन फेऱ्या मोजून दाखवल्या होत्या.) अशात व्याह्यांच्या रविवारच्या पोकरमधला चौथा गडी बदली होऊन गेला. चौथी खुर्ची मिळाली म्हणजे दर रविवारी दुपारभर लेक डोळ्यांसमोर! मग खेळ येतो की नाही, हा तपशील झाला.

"तपशील?" बायको म्हणाली. "अहो, व्याही म्हणतात, पत्त्याच्या टेबलावर माणूस कळतो. तुम्ही कळलात तर पोरीचं काय होईल?"

तरी बिचारी शिकवायला बसली. नियमांचं पुस्तक तिनेच वाचनालयातून आणलं. चष्मेवाल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यासारखा तक्ता केला. वर ठळक अक्षरात 'जोडी', त्याखाली 'दोन जोड्या', मग 'तीन सारखे', मग 'ओळीने पाच', मग 'एकाच रंगाचे पाच' (म्हणजे पाचही बदाम, नाहीतर पाचही चौकट), आणि असं वाढत जाऊन तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात सगळ्यात भारी पत्ते. तो भिंतीवर टांगून बायको त्यांचा एक डोळा झाकायची आणि विचारायची, "तीन राण्या आणि एकाच रंगाचे पाच. कोण भारी?"

"राण्या."

"चूक! नीट वाचा."

"अगं, पण राणीपुढे पंजा-सत्त्याची काय मिजास?"

"एकी आहे त्यांच्यात," बायको म्हणाली.

बाकी नियम सोपे होते. पाच पत्ते घ्यायचे, नकोसे बदलायचे, मग पैजेच्या चकत्या लावायच्या. पत्ते वाईट असतील तर पालथे टाकून गप्प बसायचं, किंवा चांगले असल्याचा आव आणायचा.

"हे जमेल तुम्हाला," बायको म्हणाली. "मला बघायला आलात तेव्हा आणला होतात तस्साच."

जमेना तो चेहरा. चेहरा कोरा ठेवायचा, असं पुस्तकात लिहिलं होतं. चष्मेवाल्यांच्या हाती जोडी आली तरी भुवया कपाळावर चढायच्या. आठवडाभर ते दुकानात गिऱ्हाइकांसमोर दगडासारखा चेहरा करून बसले. एका आजोबांनी तर घाबरून विचारलं, "माझे डोळे इतके वाईट आहेत का हो?"

रविवार उजाडला. टेबलाभोवती व्याही, विहीणबाई आणि व्याह्यांचे मित्र, दातांचे डॉक्टर. खेळ पैशांचा नव्हता, नुसत्या प्लॅस्टिकच्या चकत्यांचा. लेक चहा ठेवता ठेवता कुजबुजली, "बाबा, लाज राखा हं." चष्मेवाल्यांनी तिच्याकडेही दगडासारखंच पाहिलं. आज चेहरा कसा अगदी पक्का झाला होता.

पण नशीब बघा! हाती चांगलं काही आलं की तिघेही पटापट पत्ते टाकून मोकळे. आणि ह्यांनी हाती काही नसताना मोठ्या रुबाबात चकत्या सरकवल्या की तिघेही हसतमुखाने पुढे. तासाभरात ढिगाच्या मूठभर चकत्या झाल्या.

आणि मग आल्या तीन राण्या. चष्मेवाल्यांच्या मनात लाडू फुटले, पण चेहऱ्याने दगा दिला नाही. त्यांनी उरल्यासुरल्या सगळ्या चकत्या लोटल्या. विहीणबाई आणि डॉक्टरांनी पत्ते टाकले. व्याह्यांनी मात्र आपले पत्ते हातभर लांब धरले, डोळे बारीक करून पाहिले आणि तेवढ्याच चकत्या पुढे केल्या.

"तीन राण्या!" चष्मेवाले म्हणाले.

"पाच बदाम!" व्याही गरजले आणि पत्ते पसरून ढीग ओढायला लागले.

चष्मेवाल्यांनी पाहिलं. चार बदाम होते, पाचवा होता चौकटचा अठ्ठा. डॉक्टर छताकडे बघत होते. विहीणबाई चहात साखर ढवळत होत्या, साखर केव्हाच विरघळली होती. दारातून लेक मानेने 'नको, नको' म्हणत होती. आता गप्प बसावं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण पंचवीस वर्षांची जिभेची सवय!

"व्याही, हा बदाम नव्हे, चौकट आहे. आणि पत्ते केवढे लांब धरता! जवळचा नंबर वाढलाय तुमचा." एवढ्यावर न थांबता त्यांनी खिशातलं तपासणीचं भिंग काढून सरळ व्याह्यांच्या डोळ्यापुढे धरलं. "आता बघा बरं."

लेकीने दारातच कपाळावर हात मारला. मग चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं. गेली खुर्ची, गेले रविवार!

"अरेच्चा! चौकट की हो!" व्याही ओरडले. मग त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "म्हणजे दोन वर्षं मी जिंकतोय ते..."

"तू रुसतोस म्हणून आम्ही बोलत नव्हतो," डॉक्टर पुटपुटले.

व्याह्यांनी मांडीवर थाप मारली आणि ते पोट धरधरून हसले. "खरं बोलणारा एक तरी भेटला! व्याही, चौथी खुर्ची तुमची. दर रविवारी यायचं."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मेवाल्यांच्याही आलं असतं, पण ते फुशारकीत होते. ढीग आपल्याकडे ओढत ते म्हणाले, "उद्याच दुकानात या, फर्मास चष्मा करून देतो. बाकी, माझ्याइतक्याच चकत्या लावायचं धाडस कसं केलंत हो? माझ्या चेहऱ्यावरून तर काहीच कळत नव्हतं!"

"चेहऱ्याकडे कोण बघतंय?" व्याही म्हणाले. "मला जवळचं दिसत नाही, पण लांबचं झकास दिसतं. तुमच्या चष्म्याच्या काचांत तिन्ही राण्या चकचकत होत्या. म्हटलं, माझे पाच बदाम भारी!"

"पहिल्या डावापासून तुमचे पत्ते दिसतायत," डॉक्टर म्हणाले.

चष्मेवाल्यांचा हात आपल्या चष्म्याकडे गेला. न चमकणाऱ्या काचा रोज दहा जणांच्या गळ्यात मारणारा माणूस स्वतः मात्र साध्याच घालून बसला होता. "काही हरकत नाही," ते घाईघाईने म्हणाले, "पुढच्या रविवारपर्यंत मी माझ्याही काचा—"

"छे, छे!" विहीणबाईंनी कपात बिस्कीट बुडवलं. "खुर्ची ह्याच चष्म्याला दिलीय."