खापरी यंत्राचे कुलूप बंद जाहले त्याची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास दंडवत, वाग्देवीस दंडवत, आणि जो कोणी दुरून कान लावून ऐकत असेल त्यासही दंडवत, त्याने राग मानू नये. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन मासी जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

कोणे एके राज्यी राजापासून भाजीवालीपर्यंत सर्वांचे हाती मोबाईल यंत्रे होती, आणि यंत्रे नाना जातींची असली तरी आत जी प्रणाली चाले, म्हणजे जिच्या हुकुमाने यंत्र जागते, बोलते, निजते, ती दर्यापारच्या पातशहाची होती. पातशहास कोणी पाहिले नव्हते, परंतु त्याने सर्वांस पाहिले होते. घरी कोणी गुडघा दुखतो म्हणावे, तो दुसरे दिवशी यंत्रावर तेलाच्या बाटल्या दिसाव्या. आधी लोक हसले, मग हसणे उणे जाहले, मग लोक गुडघ्याविषयी बोलेनासेच जाहले. तेव्हा महाराजांचे चित्ती भय उपजले, आणि त्यांनी कारागीर मेळवून राज्याची स्वतंत्र प्रणाली सिद्ध करविली, जी घरातले ऐकून बाहेर सांगत नसे. परंतु अडचण ऐसी पडली की प्रत्येक जातीच्या यंत्राचे पोट निराळे, प्रणाली ज्याच्या त्याच्या पोटास बेतून शिवावी लागे, आणि कारागीर तर थोडे. मग एकच जात निवडावी, तिजवर नवी प्रणाली चढवावी आणि रयतेने तीच वापरावी ऐसा विचार ठरून, निवडीचा विडा यंत्रपारखी कोंडो विश्वनाथ यांस दिला.

कोंडोपंत यंत्राचे ज्ञानी खरे, परंतु काळीज सशाचे. यांच्या आधीचे पारखी भिकाजी रंगनाथ यांनी भर दरबारी म्हटले होते की महाराजांचे यंत्र तव्यासारखे तापते, आणि त्याच सायंकाळी त्यांची रवानगी जलदुर्गी जाहली, ते तिकडचेच जाहले. हे स्मरतच कोंडोपंतांनी विडा घेतला. मग त्यांनी बाजारातील सर्व यंत्रे आणून तपासली, आणि पाहता पाहता मन एकीवर बसले. ती खापरी. काळी, चपटी, रंगरूप काही नाही. परंतु पातशाही प्रणालीचे कुलूप, जे उघडल्यावाचून दुसरी प्रणाली चढत नसे, ते मालकाने म्हटले तर उघडे, बॅटरी बदलता ये, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानी मिळत, आणि निम्म्या राज्याचे हाती ती आधीच होती. याउलट महाराजांची लाडकी रत्नप्रभा, सोन्याच्या कडेची, तिचे कुलूप पातशहावाचून कोणास उघडणारे नव्हते. हे ध्यानी आले त्या दिवशी कोंडोपंत जेवले नाहीत.

मग खलबताचा दिवस आला. खलबतास यंत्र जवळ असू नये म्हणोन देवडीवर एक मोठा रांजण होता, आत कापूस, वर झाकण, झाकणावर दगडी पाटा. सर्वांनी आपली यंत्रे त्यात घातली, महाराजांनीही रत्नप्रभा घातली, आणि दालनाची दारे लागली. त्या घटकेस त्या दालनात पातशहाचा कान नव्हता. मग सेनापती म्हणाले की आमच्या यंत्राचा कॅमेरा उत्तम, तेच घ्यावे. अमात्य म्हणाले, "महाराजांच्या यंत्राआधी दुसऱ्याचं नाव घेणं ही बेअदबी आहे. पहिला मान रत्नप्रभेचा." महाराज तर अमात्यांसही अरेतुरे करीत, ते कोंडोपंतांकडे वळोन म्हणाले, "कोंडोबा, तू पारखी. बोल, आमची रत्नप्रभा चालेल ना?"

कोंडोपंतांचे ओठांवर खापरी आली होती. परंतु डोळ्यांपुढे जलदुर्ग आला, भिकाजीपंतांची रिकामी बैठक आली, आणि जीभ टाळूस चिकटली. ते म्हणाले, "महाराजांचं यंत्र! त्याला काय उणं?" महाराज संतोषले, विडे वाटले, आणि खलबत उठले.

कोंडोपंत रांजणातून आपले यंत्र काढून घरी आले आणि नित्याप्रमाणे स्वयंपाकघरातील फळीवर मिठाच्या बरणीस टेकवून जेवावयास बसले. कुटुंब सगुणाबाई भाकरी थापीत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, काय ठरलं?" आणि दरबारी जी जीभ चिकटली होती ती येथे सैल सुटली.

"काय ठरायचं! रत्नप्रभा म्हणे! तिचं कुलूप ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही. कारागीर मरमर मरतील आणि हाती धुपाटणं येईल. घ्यायची ती खापरी. तिचं कुलूप उघडतं, हे कळलं तर महिन्याभरात अर्धं राज्य मोकळं होईल. पण महाराजांना सांगणार कोण? मी नाही बाई!"

"माझी खापरीच आहे की. तिच्यावर आत्ताच चढवा. एक तरी मोकळं होऊ द्या."

"महाराजांच्या आधी आपल्या घरात? लोक काय म्हणतील? बघू मागाहून."

फळीवरील यंत्राचा दिवा एकवार मिणमिणला. तो रोजच मिणमिणे, म्हणोन त्याकडे कोणी पाहिले नाही, आणि कोंडोपंतांनी आणखी एक भाकरी मागोन घेतली.

दुसरे दिवशी सकाळी हुजुऱ्या आला की महाराजांनी एकट्यास बोलाविले आहे. सगुणाबाईंनी पागोटे सारखे करून दिले. वाटेत ओळखीचे लोक रामराम करीत, त्यांस उत्तर देण्याचे भान नव्हते. दालनी महाराज एकटेच, हाती रत्नप्रभा, आणि त्यांनी ती पुढे केली. तिजवर पातशहाचा निरोप होता: "आपले पारखी कोंडो विश्वनाथ म्हणतात ते यथार्थ आहे. रत्नप्रभेचे कुलूप उघडणार नाही. खापरीचे मात्र उघडत होते, ही उणीव त्यांनी ध्यानी आणून दिली याबद्दल आभारी आहोत. आज पहाटे सर्व खापरींस अपडेट पाठवून ती दूर केली आहे. आपली सेवा करण्यात आम्हांस आनंद वाटतो."

कोंडोपंत पायांवर पडले. "चुकलो महाराज! मान मारावी!" परंतु वर पाहतात तो महाराजांचे मुखावर क्रोध नाही, मुख पिठासारखे पांढरे. ते हळूच म्हणाले, "कोंडोबा, काल यंत्रं रांजणात होती. ऐकणारे आम्हीच होतो. तेव्हा का नाही बोललास?"

"महाराज, आपलंच भय वाटलं."

"मी काय खाल्लं असतं तुला?"

"भिकाजीपंत..." एवढेच कोंडोपंत बोलले, आणि महाराजांनी दृष्टी खाली केली.

तोच रत्नप्रभा उजळली आणि गोड स्वरे बोलली, "महाराजांची छाती फार धडधडते आहे. वैद्यांना बोलावू का?" महाराज दचकून उभे राहिले, अंगरखा सारखा केला, आणि अमात्यांस अरे म्हणणारे ते यंत्रास म्हणाले, "नको, नको. आपण कष्ट घेऊ नयेत. आम्ही ठीक आहोत." मग मोठ्याने, दालन भरेल ऐसे, कोंडोपंतांस म्हणाले, "पातशहांची प्रणाली उत्तम आहे. दुसरी कशाला हवी? होय ना?"

"उत्तम आहे, महाराज," कोंडोपंतही मोठ्याने म्हणाले.

घरी येताच सगुणाबाईंनी पुसले, "अहो, काय झालं?" कोंडोपंतांनी फळीच्या दिशेने पाहिले आणि म्हणाले, "उत्तम झालं. महाराज प्रसन्न आहेत." इतक्या वर्षांचा संसार, सगुणाबाईंस तो स्वर कळला. आता यंत्र बाहेर नेऊन ठेवावे, तर का ठेवले म्हणोन संशय यावयाचा. मग त्यांनी परातीत पीठ पसरले आणि बोटाने लिहिले, खरे काय. कोंडोपंतांनी लिहिले, कुलूप बंद. माझ्यामुळे. सगुणाबाईंनी वाचले, डोळे पदराने टिपले, त्या अक्षरांवर पाणी ओतले, मळले, आणि भाकरी थापली.

तेव्हापासून त्या घरी खोटे मोठ्याने आणि खरे पिठात ऐसा रिवाज पडला, आणि त्यात थोडा दिलासाही होता, कारण नवराबायकोस एकमेकांचे मन एवढे तरी कळे. परंतु दिवाळीचे सुमारास यंत्रावर घरगुती चक्कीची जाहिरात आली. वर लिहिले होते की आपले घरी हल्ली पीठ फार लागते. सगुणाबाईंनी परात पालथी घातली.

सारांश, यंत्रनिवडीचा प्रश्न येणेप्रमाणे मिटला. राज्य सुरळीत चालले आहे, रयत आनंदात आहे, आणि कोणाचाही गुडघा दुखत नाही.