एक टप्पा, एक हात

साहेबांशी गोल्फ खेळून बदली थांबवायची हा अंकुशचा बेत इतका पक्का होता, की शनिवारीच त्याने बायकोला, मेघाला, सामान बांधायची गरज नाही असं सांगून टाकलं. मेघाला नुकतीच नागपुरात शिक्षिकेची नोकरी लागली होती आणि नेमकी तेव्हाच अंकुशची भिवापूरला उचलबांगडी होऊ घातली होती. आता फक्त गिरिधर साहेबांची सही बाकी होती. साहेब दर रविवारी सार्वजनिक मैदानावर गोल्फ खेळायचे, पण त्यांच्या तोंडाच्या पट्ट्याला कंटाळून जोडीला कोणी टिकत नसे. अंकुशने स्वतःहून हात वर केला.

"तुमाले येते का गोल्फ?" मेघाने विचारलं.

"त्यात काय हाय वं? चेंडू बिचारा थांबून राहते, आपण मारायचा. क्रिकेटमंधी तर अंगावर येते."

"जास्त मारू नका. हरून या. साहेब खुश झाले पायजेत."

हरण्यासाठी मात्र काहीच कष्ट पडले नाहीत. पहिल्याच फटक्याला गवताचं ढेकूळ दूर जाऊन पडलं आणि चेंडू जागच्या जागी राहिला. साहेब पोट धरून हसले. दुसऱ्या फटक्याला अंकुशच गोल फिरून खाली बसला, तेव्हा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"भिवापूरचं पाहू काहीतरी, अंकुशराव."

अंकुशच्या अंगात आनंद मावेना. आता साहेबांनी चंद्रावर चेंडू मारला असता, तरी तो आणायला धावला असता.

पुढच्या होलला साहेबांचा चेंडू उताराखाली जाऊन पडला. तिथून खड्ड्यात रोवलेला झेंडा दिसेना. "तुम्ही वर जाऊन झेंडा धरून उभे राहा, म्हणजे मले दिशा समजेल," साहेब म्हणाले. अंकुश धावत वर गेला आणि पंधरा ऑगस्टला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला.

खालून टणत्कार झाला. चेंडू आभाळात चढला, खाली आला, हिरवळीवर एकदा उसळला आणि थेट खड्ड्याकडे निघाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अंकुशचं बालपण लकडगंजातल्या एका बोळात गेलं. लोकांच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून त्या बोळात एकच कायदा होता: एक टप्पा पडलेला चेंडू एका हाताने धरला, की फलंदाज बाद. पोरगा जेवायला विसरेल, पण हा कायदा विसरणार नाही. अंकुशने झेंडा सोडला आणि आडवी झेप घेतली.

"आऊट!"

शेजारच्या होलवरच्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो ऐकून साहेब दोन्ही हात वर करून चढ चढत आले. चेहरा नवरदेवासारखा फुलला होता.

"गेला ना? गेला ना आत?"

"जाऊन राहिला होता, साहेब," गवतात पडलेला अंकुश म्हणाला.

"मग?"

अंकुशने मूठ उघडून दाखवली. साहेबांचे हात हळूहळू खाली आले.

"इतकी वर्षं खेळून राहिलो मी. इतक्या लांबून एकदाही आत नाही गेला."

"नो बॉल धरू, साहेब. पुन्हा मारा."

साहेबांनी काठी पिशवीत कोंबली आणि ते गाडीकडे चालू लागले. भिवापूर आता चुकत नाही, मेघाला तोंड कसं दाखवायचं, याच विचारात तो साहेबांची पिशवी ओढत गाडीपर्यंत आला. साहेबांनी पिशवी डिकीत ठेवली आणि वळून म्हणाले, "अंकुशराव, भिवापूरची बदली रद्द."

अंकुशला भानच राहिलं नाही. तिथल्या तिथे त्याने फोन लावला. "मेघा, झाली वं रद्द!" पलीकडे मेघाने इतका आरडाओरडा केला, की तो साहेबांनाही ऐकू गेला. ते गाडीत बसले, काच खाली केली आणि शांतपणे म्हणाले, "भिवापूर लई जवळ पडते. तिथून तुम्ही रविवारी इकडे येऊन जाल."

गाडी निघून गेली. फोनवर मेघा विचारतच होती, "काय म्हणून राहिले साहेब?"

"आवाज येऊन नाही राहिला," अंकुश म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.