डबल बेल आणि मागची सीट

“तू नुसतं बसायचं. पोचवायचं काम माझं!”

ड्रायव्हरकाकांनी छातीवर हात मारून सांगितलं. काकूंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि एकदा दारात टेकवून ठेवलेल्या दोन सीटच्या भाड्याच्या सायकलीकडं. एवढी लांबलचक सायकल त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. कुणीतरी दोन्ही टोकांना धरून ओढली असावी, असं ते ध्यान दिसत होतं!

“पायडल मलाही मारावं लागणार ना?”

“नावाला गं! जोर सगळा माझा. उभा जन्म बस हाकलीय मी, ही तर सायकल!”

बस हाकली हे खरं. कुणाला लग्नाला, कुणाला दवाखान्यात, कुणाला माहेरी, काकांनी सगळ्या जगाला वेळेवर पोचवलं. एक बायको तेवढी राहून गेली. कारण बसचा नुसता वास आला तरी काकूंच्या पोटात ढवळायचं. ड्रायव्हरच्या बायकोला बस लागते, हे सांगायचं तरी कुणाला? थोरली बहीण नदीच्या खोऱ्यात, पार वरच्या गावाला राहायची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी काकूंना जाता आलं नव्हतं. साडूंनी फोनवर टोमणा मारलाच, “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! ड्रायव्हरची बायको, आणि उंबरा ओलांडत नाही!”

तशात खोऱ्यातली बंद पडलेली रेल्वे उखडून तिथं सायकलींचा रस्ता केला, असं कळलं. नदीच्या काठाकाठानं थेट मेहुणीच्या गावापर्यंत, आणि मोटारींना बंदी! काका हरखले. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, “एवढा एकदाच विश्वास ठेवते. आज तुम्ही मला ताईकडं नेलं नाहीत, तर पुन्हा तुमच्याबरोबर कुठं जायचं नाव काढणार नाही.”

त्या चिडून बोलल्या असत्या तर काकांनी मनावर घेतलं नसतं. पण त्या शांतपणे बोलल्या, म्हणून काका घाबरले.

खरं सांगतो मंडळी, तो रस्ता पाहून काकांचे डोळे भरून आले. एका हाताला संथ नदी, दुसऱ्या हाताला डोंगर, मधून झाडांची कमान. मूळचा रेल्वेचा मार्ग, त्यामुळे चढही असा, की चढतोय हे पायांना कळू नये. खड्डा नाही, धूर नाही, समोरून अंगावर येणारा ट्रक नाही, काच खाली करून कुणाच्या आईबापाचा उद्धार करणारा नाही! मैलाच्या दगडावर खंड्या पक्षी साहेबासारखा बसलेला. काका म्हणाले, “अगं, स्वर्गात जर रस्ते असतील ना, तर कंत्राट यांनाच दिलं असणार!”

काकू हसल्या. बऱ्याच वर्षांनी अशा मोकळ्या हसल्या. सायकल पिसासारखी चालली होती. काकांना वाटलं, काय पाय आहेत माझे!

एवढ्यात मागून आवाज आला, ‘ट्रिंग!’

काकांनी करकचून ब्रेक दाबला! काकू त्यांच्या पाठीवर आदळल्या आणि मागून येणारा सायकलवाला थेट लव्हाळ्यात घुसला.

“अहो काका! मधेच काय थांबता?”

“तुम्हीच बेल मारलीत की!”

“बाजूला व्हा म्हणून मारली!”

“मग तसं सांगायचं! एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एवढं साधं कळत नाही?”

काका चुकत होते असं नाही. मागं कंडक्टर काय करतोय, हे ड्रायव्हरनं कधी वळून पाहायचं नसतं. सिंगल बेल, उभं राहायचं. डबल बेल, निघायचं. हात आणि पाय इतकी वर्षं त्या घंटीचे चाकर! डोकं विचार करेपर्यंत पाय हुकूम बजावून मोकळे. त्या सकाळी पुढं आणखी एक गुरुजी आणि एक नवं जोडपं लव्हाळ्यात जाऊन आलं.

नदीवरच्या लोखंडी पुलापाशी काकू म्हणाल्या, “अहो, जरा थांबा ना. बघू तरी द्या.”

काका थांबले. पुलाच्या तोंडाशी एक चित्रकार बाई रंग मांडून बसली होती, तिची सायकल कठड्याला टेकलेली. काकू उतरल्या आणि कठड्यावरून वाकून पाणी बघत राहिल्या. काका मात्र सीटवरून उठले नाहीत. एक पाय जमिनीला, दोन्ही हात हँडलवर, नजर समोर. थांब्यावर ड्रायव्हर बसतो तसेच!

“आटप गं! साडूंच्या घरी जेवणाच्या वेळेला पोचायचंय!”

“आले हो!”

तेवढ्यात मागून एक पोरगी सायकलवरून आली आणि तिनं वाट मागितली, ‘ट्रिंग, ट्रिंग!’

काका निघाले.

“अहो! अहो, मी इथं आहे!” काकू ओरडल्या. पण जन्मभर इंजिनाशेजारी बसून काकांचे कान केव्हाच निम्मे रिटायर झाले होते.

चित्रकार बाई हसू दाबत म्हणाली, “माझी सायकल घ्या मावशी. मी संध्याकाळपर्यंत इथंच आहे. येते ना चालवता?”

येते ना! लहानपणी भावाची सायकल पळवून अख्ख्या गल्लीला वळसा घालणारी बाई ती! पदर खोचला आणि सुटल्या. नवरा दिसताच त्यांनी रागारागानं घंटी बडवली, ‘ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!’

काकांनी वेग वाढवला. डबल बेलवर डबल बेल म्हणजे मागं गाडी गच्च भरली असणार!

काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी दात ओठ खाऊन घंटी एकदाच वाजवली. नेमकं तेव्हाच दोघं बोगद्यात शिरले होते! बोगद्यानं आवाज घुमवून एकीच्या दोन करून दिल्या. काका भन्नाट सुटले!

बोगद्यातून बाहेर पडल्यावर मात्र त्यांना धाप लागली. सायकल एकाएकी दगडासारखी जड झाली होती. कारण एकच असणार: ही रुसली! आपण ‘आटप’ म्हणालो ते लागलं, आणि हिनं पायडल मारायचं सोडलं. मागं वळून पाहायची तर सवयच नाही. काका समोर बघतच समजूत घालू लागले.

“रागावलीस? बोलू नकोस, पण ऐक तरी. पहाटेची ड्यूटी असली की तू माझ्याआधी उठायचीस. कधी गजर लावला नाहीस, माझी झोप मोडेल म्हणून. तू झोपायचीस तरी कधी, मी कधी विचारलंच नाही.”

मागं काकू हाकेच्या अंतरावर आल्या होत्या. घंटीवर बोट ठेवलेलं. ते बोट तसंच राहिलं.

“गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही म्हणून साहेबांनी मला हार घातला. घराला तू ओरखडा येऊ दिला नाहीस. तुला कुणी घातला हार? मला वाटायचं, मी गाडी चालवतो. अगं, ही सायकलसुद्धा तू जोर लावलास म्हणून चालत होती! आता कळतंय!”

घामानं निथळत काका मेहुणीच्या दारात पोचले. साडू ओट्यावरच उभे होते. काकांनी छाती फुगवली. “घ्या! आणली तुमची मेहुणी, काचेच्या बांगडीसारखी सांभाळून!”

साडूंनी मागच्या सीटकडं पाहिलं, मग काकांकडं. “अहो, कुठाय?”

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा वळून पाहिलं. सीट रिकामी! “अरे देवा! पूल! बोगदा!” ते सायकल वळवायला धडपडले, आणि पुढचं चाक काकूंच्या सायकलीला जाऊन थटलं.

काकू उतरल्या. तोंड लालबुंद, केस विस्कटलेले. त्या काकांकडं बघून नुसत्या हसल्या आणि थेट बहिणीच्या गळ्यात पडल्या. दोघी किती तरी वेळ तशाच.

जेवणं झाल्यावर काकांनी हळूच विचारलं, “तू कधीपासून मागं होतीस?”

“बोगद्यापासून.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“हाक मारली असती, तर तुम्ही गप्प झाला असता.”

काकांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि रिकामा असूनही बराच वेळ पीत राहिले.

परतताना पुलापाशी चित्रकार बाईची सायकल परत केली आणि काकू पुन्हा मागच्या सीटवर बसल्या. ऊन उतरलं होतं. नदी सोन्यासारखी झाली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, फक्त ही दोघं.

“हं,” काकू मागून म्हणाल्या, “आता बोला. मघाशी बोलत होता तसं.”

काकांनी घसा खाकरला. एकदा नदीकडं पाहिलं, एकदा डोंगराकडं. कान तापले. बरंच अंतर गेलं.

“हवा बरी आहे,” काका म्हणाले.



“मग उतरू का मी?”