मॅनेजर गोविंदराव

डोंबिवलीत आमच्या शेजारी राहणारे गोविंदराव "कसं काय?" या प्रश्नालासुद्धा "मॅनेजर झाल्यापासून बरं आहे" असं उत्तर देत. ठाण्याला कोपरीपलीकडच्या एका मिठागराच्या कचेरीत ते मॅनेजर झाले आणि आमच्या चाळीची शांतता गेली. नळावर, ओट्यावर, न्हाव्याच्या दुकानात, जो सापडेल त्याला ते त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ समजावून सांगत.

"मॅनेजर म्हणजे नुसता व्यवस्थापक नव्हे हो! व्यवस्थापक लग्नाच्या पंगतीतही असतो. मुकादम ओरडतो. मॅनेजर ओरडत नाही, मॅनेजर बघतो!" असं म्हणून ते बघून दाखवत.

मी तेव्हा मुंबईत बारा वर्षं कारकून होतो. खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट होई. त्यात बायको म्हणे, "अहो, दूधवालासुद्धा त्यांना मॅनेजरसाहेब म्हणतो."

"मग त्यांच्या दुधात पाणी कमी घालतो का?" मी म्हटलं.

शेवटी एका शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर मी ठाण्याला उतरलो. त्यांच्या हाताखाली किती माणसं आहेत ते मोजायचं, आणि चार निघाली तर चाळीत दोन सांगायची, असा बेत होता.

कचेरी म्हणजे पत्र्याची एक खोली. आत गोविंदराव एकटेच, हातात केरसुणी घेऊन झाडत होते.

"शिपाई आला नाही वाटतं?" मी खोचकपणे विचारलं.

"शिपाई नाहीच," ते म्हणाले. "मिठागरावरची माणसं मुकादमाचं ऐकतात. मालक मुंबईत असतात. इथे मी." त्यांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली. "दिवसभर तोंड उघडायची वेळच येत नाही हो. म्हणून डोंबिवलीला आलो की जरा जास्तच बोलतो. तुम्हाला त्रास होत असेल."

आगगाडीत जुळवून ठेवलेला टोमणा तसाच ठेवून मी आत येऊन बसलो.

त्यांनी स्टोव्ह पेटवला. फळीवरून दुसरा कप काढला. त्यात दुकानातला पेंढा अजून तसाच होता.

"कुणी आलं तर असावा म्हणून घेतला होता," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली." कप त्यांनी तीनदा विसळला आणि धोतराच्या सोग्याने पुसला.

चहा गोडमिट्ट होता. मी आणखी अर्धा कप मागितला, आणि पाचची गाडी जाऊ दिली.