सहावा होल, नऊ वेळा

शनिवारी सकाळी सहा वाजता मॅलकी हेशनने खिडकीतून हात बाहेर काढला आणि कोपरापर्यंत भिजवून आत घेतला. खरं तर हात काढायची काही गरज नव्हती. पन्हळीतून कोसळणारं पाणी त्याने रात्रभर ऐकलं होतं. पण माणूस आशेवर जगतो, आणि आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या माणसाला जगायला दुसरं फारसं काही मिळतही नाही.

"थांबलाय का?" पांघरुणातून त्याच्या बायकोने, ब्रीडने विचारलं.

"नाही."

"कमी तरी झालाय?"

"ब्रीड, झोप तू."

किलशानाच्या गोल्फ क्लबात 'कॅप्टनचं बक्षीस' ही वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा. कॅप्टनने, म्हणजे क्लबाच्या त्या वर्षीच्या प्रमुखाने, पदरचं बक्षीस द्यायचं, सगळ्यांना जेवू घालायचं, भाषण ठोकायचं, आणि त्या बदल्यात बारच्या दाराशी लावलेल्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत एक ओळ मिळवायची. साल, कॅप्टनचं नाव, विजेत्याचं नाव आणि विजेत्याचे फटके; गोल्फात ते जितके कमी तितकी शान जास्त. स्पर्धा झाली नाही तर ओळ कोरी. या एका ओळीसाठी मॅलकीने अकरा वर्षं क्लबाची चाकरी केली होती. समितीच्या बैठकांना खुर्च्या मांडल्या, नाताळच्या सोडतीची तिकिटं दारोदार खपवली, तुंबलेली मोरी स्वतःच्या हाताने उपसली. अखेर यंदा तो कॅप्टन झाला आणि आभाळच फाटलं. स्पर्धा दोनदा पुढे ढकलली गेली. पुढचे सगळे शनिवार इतर स्पर्धांनी आधीच अडवलेले. आजचा शेवटचा.

त्यात मॅलकीचं दुकान होतं हार्डवेअरचं. जून-जुलैभर गमबूट आणि पाण्याचे पंप असे खपले की माल पुरेना. "मजा आहे बुवा तुझी!" म्हणून जो तो पाठ थोपटायचा, आणि मॅलकीला पाठीपेक्षा छातीत जास्त लागायचं.

ब्रीडने रीत पाळली नव्हती असंही नाही. कार्याच्या आदल्या रात्री बाळ येशूची मूर्ती कुंपणाखाली ठेवली की दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तिने ठेवली होती. सकाळी मूर्ती जागेवर नव्हती. वाहत जाऊन शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला अडकली होती.

"देवाची ही गत," ब्रीड मूर्ती पुसत म्हणाली, "तिथे तुझं काय घेऊन बसलास?"

मॅलकीने मैदान सांभाळणाऱ्या पॅकीला फोन लावला.

"पॅकी, मैदान कसंय?"

"कुठलं मैदान?"

"अरे, अंत पाहू नकोस माझा."

"कॅप्टन, पहिल्या होलवर बदकं आहेत. आधी दुसऱ्यावर होती, पण तिथे त्यांना खोल वाटलं असावं. चौथ्याचा झेंडा दिसतोय. नुसता झेंडाच."

"एकही होल कोरडा नाही?"

"टेकडीवरचा सहावा आहे. कोरडा म्हणजे, घोट्याच्या वर पाणी जात नाही."

बुडत्याला काडीचा आधार. मॅलकी तडक स्पर्धा-चिटणीस अट्रॅक्टा मुलव्हिल यांच्या घरी गेला. बाईंनी चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं होतं. मॅलकीसकट अर्धा क्लब त्यांच्या हातचा मार खाऊन मोठा झालेला. त्यांनी चष्मा लावून क्लबाची नियमावली उघडली.

"किमान नऊ होल खेळले पाहिजेत. तू मला एक दाखवतोयस. गणितात तू आधीपासूनच कच्चा, मॅलकी."

"बाई, तोच होल नऊ वेळा खेळला तर?"

बाईंनी पान उलटलं, परत उलटलं. "वेडेपणा आहे हा," त्या म्हणाल्या. "पण वेडेपणाला मनाई कुठे लिहिलेली नाही."

आनंदाने मॅलकीने त्यांचा हात हातात घेतला. शाळेत असताना त्याची कधी ही हिंमत झाली नव्हती.

दहा वाजता चौऱ्याऐंशी माणसं एका टेकडीवर उभी होती. एकशेतीस यार्डांचा तो इवलासा होल. चेंडू मारायचा, झेंड्यापर्यंत चालत जायचं, होलात घालायचा आणि पुन्हा जिथून निघालो तिथे यायचं, असं नऊ वेळा. जाणारे येणाऱ्यांवर आदळत होते, येणारे घसरून जाणाऱ्यांच्या पायात येत होते. छत्र्यांच्या काड्या एकमेकांच्या डोळ्यांत. बारा वाजेपर्यंत कोणाचाही तिसरा फेरा पुरा झाला नाही. एक वकील आणि एक जनावरांचा डॉक्टर एकाच चेंडूवरून हमरीतुमरीवर आले, आणि अखेर तो चेंडू तिसऱ्याचाच निघाला.

"कॅप्टन," पॅकी कळवळून म्हणाला, "आणखी तासभर एवढे पाय नाचले, तर हा होलही गेला समजा."

पण पाय आपोआपच कमी झाले. दोन वाजता टीव्हीवर मेयोचा फुटबॉलचा सामना होता. दीड वाजता टेकडीखालच्या क्लबघरातून सूपचा वास आला आणि माणसं मुकाट्याने उतरायला लागली. मॅलकी एकेकाच्या वाटेत आडवा झाला.

"शॉन, चारच फेरे राहिलेत रे!"

"आयुष्यात तेवढेच राहिले असतील तरी मी सामना बघणार."

पावणेदोनला टेकडीवर फॉन्सी टार्पी एकटाच उरला. फॉन्सी म्हणजे निवृत्त पोस्टमन, वय एकोणऐंशी. शेजारच्या रॉसकॉमन परगण्यातून चाळीस वर्षांपूर्वी इथे आला, त्यामुळे अजून परकाच. मेयोचा सामना त्याला बघवत नसे. गोल्फही येत नसे, पण ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

स्वतःच्या बक्षिसासाठी कॅप्टनला खेळता येत नाही. या म्हाताऱ्याने नऊ फेरे पुरे केले तर स्पर्धा झाली, नाही तर अकरा वर्षं पाण्यात. फटके मोजायचं कार्ड त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि फॉन्सीच्या डोक्यावर छत्री धरली. फॉन्सीचा पहिला फटका ओढ्यात, दुसरा काटेरी झुडपात. तिसऱ्याला चेंडू जागेवरून हलला नाही, फक्त चिखल हलला आणि तो मॅलकीच्या तोंडावर आला.

"किती झाले?" फॉन्सीने विचारलं.

"मोजण्याचं माझ्यावर सोड. तू मार."

सहाव्या फेऱ्यानंतर फॉन्सी ओल्या बाकावर बसला. "मॅलकी, मला घरी जाऊ दे रे. गुडघे बोलायला लागलेत."

"फॉन्सी, तीनच राहिले. तुझी पिशवी मी घेतो."

"पिशवीचं नाही, मलाच कोणीतरी घ्यायला हवं."

मॅलकीला रडूच कोसळलं. भर टेकडीवर, छत्री हातात धरून, पंचावन्न वर्षांचा माणूस हुंदके देत होता. "अकरा वर्षं, फॉन्सी! मोऱ्या उपसल्या मी! एकदा, फक्त एकदाच नाव लागू दे!"

फॉन्सीने त्याच्याकडे पाहिलं. उभ्या हयातीत मेयोचा माणूस त्याच्यापुढे असा पहिल्यांदाच रडत होता. तो उठला, बाह्या सरसावून उरलेले तीन फेरे खेळला. मॅलकी दर चढाला मागून त्याला ढकलत होता, आणि पॅकी पुढे रबरी वायपरने पाणी सारत होता. शेवटचा चेंडू होलाच्या काठावर तरंगत राहिला. तिघेही त्याच्यावर वाकले. मग होलातलं पाणी एकदा गटकन खाली गेलं आणि चेंडूही गेला.

अट्रॅक्टाबाईंनी कार्ड टेबल-दिव्याखाली वाळवलं, दोनदा बेरीज केली आणि सही ठोकली. "स्पर्धा झाली," त्या म्हणाल्या. मॅलकी त्या रात्री पहिल्यांदा शांत झोपला.

पंधरा दिवसांनी रंगाऱ्याने ओळ रंगवली. सोनं अगदी लखलखत होतं. वर साठ-सत्तर वर्षांच्या ओळी, अठरा-अठरा होलांचे फटके: सदुसष्ट, एकोणसत्तर, सहासष्ट, सत्तर. त्यांच्याखाली: एम. हेशन, एफ. टार्पी, एकशे एकोणीस.

तोवर त्या फलकाकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. बारमधून संडासाकडे जायची ती वाट होती, लोक घाईत असत. आता माणसं थांबायला लागली. बाहेरगावचे पाहुणे फोटो काढायला लागले. फॉन्सी तर रोज दुपारी फलकाखाली खुर्ची टाकून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकशे एकोणीस फटके एकेक करून ऐकवी. "आणि पिशवी कोणी वाहिली? खुद्द कॅप्टनने!" ओळ पुसावी असा मॅलकीचा अर्ज बाईंनी एका वाक्यात निकालात काढला. "कार्ड बरोबर आहे."

सप्टेंबरात दूर दक्षिणेकडच्या कॉर्कचे चौघे खेळायला आले. त्यांतला एक बराच वेळ फलकापुढे उभा राहिला, पोट धरधरून हसला, आणि डोळे पुसत बारच्या कोपऱ्यात सूप पिणाऱ्या माणसाजवळ आला.

"काय हो, हे हेशन कोण?"

मॅलकीने चमचा खाली ठेवला.

"असं कोणी नाही इथे," तो म्हणाला. "रंगाऱ्याची चूक आहे ती."