बुरांसाचा कूलर

लोणखेड्यात आमच्या शेजारी लोटननाना राहतात. उन्हाळा लागला की ते घरातला कूलर खिडकीत उलटा बसवतात. गार वारा अंगणात, घाम घरात. आत त्यांच्या बायको, सुमनजिजी, पुठ्ठ्याने वारा घेत बसतात आणि बाहेर एक झाड झुळूक खात असतं.

झाड बुरांसाचं. उत्तराखंडच्या यात्रेहून येताना नानांनी ते मांडीवर बसवून आणलं. बारमाही हिरवं, लालभडक फुलांचं, डोंगरातल्या थंडीत वाढणारं. आमच्याकडे मे महिन्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "येना बी इलाज शे." नानांकडे सगळ्यालाच इलाज असतो.

नर्सरीवाल्याने बजावलं होतं, ह्याला आंबट माती लागते. नानांनी कुंडीत ताक ओतलं. गल्लीतली मांजरं कुंडीभोवती पंगत धरून बसली. मग नाना तळोद्याहून जीपने वर गेले आणि डोंगरातली पालापाचोळ्याची माती गोण्या भरून घेऊन आले. स्वतःच्या केळीचे त्यांनी इतके लाड कधी केले नव्हते.

पाण्याची आणखीच तऱ्हा. बोअरचं पाणी खारट, ते झाडाला चालेना. पावसाचं साठवलेलं संपलं. तेवढ्यात नानांना कळलं की एसीतून गळणारं पाणी गोडं असतं. गल्लीत एसी एकच, माझा. त्याच्या नळीखाली नानांची बादली कायमची मुक्कामाला आली. मी कॉलेजच्या ऑफिसातून येऊन पंख्याखाली टेकते न टेकते तोच दारात नाना.

"ताई, एसी काब बंद शे? झाडले तीस लागनी."

झाडाला तहान लागली म्हणून मी हुडहुडत बसायचं.

एकदा मी जिजींनाच विचारलं, हे सगळं तुम्ही खपवून कसं घेता? गुडघे चोळत त्या म्हणाल्या, यात्रेत त्या फुलांचं रान वर डोंगरात होतं. सगळी बस चढून गेली. जिजींचे गुडघे चढेनात, म्हणून त्या खाली बसमध्येच बसल्या. नाना वर जाऊन आले, आणि आल्यापासून हे असं. आपण तर त्यांना एका शब्दाने बोललो नाही, असंही जिजींनी वर सांगितलं.

यंदा थंडीत एक कळी धरली. नानांचं बोलणंच कमी झालं. ऊन चढायच्या आत ती उमलली नाही तर वाळणार, हे त्यांनाही कळत होतं. इलाजाचं नाव निघेना.

फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी त्यांनी मला कुंडी उचलायला बोलावलं. दोघांनी मिळून ती आत नेली आणि जिजींच्या खाटेशी ठेवली. ह्या झाडाला म्हणे गुच्छच्या गुच्छ येतात. इथे एकच फूल, तेही एका अंगाने चुरगळलेलं.

जिजींनी चष्मा लावला. "येनाकरता मी उन्हाळाभर घाम गाळा?"

नाना कुंडीतली माती चाचपत राहिले.

जिजींनी त्या डोंगरातल्या रानाचं विचारलं, "तठे बी असंच व्हतं का?"

"नही वं," नाना म्हणाले. "तठे तू कोठे व्हती?"

मी माझी चप्पल शोधली. घरी येऊन एसी लावला. अंगात स्वेटर होता. बादलीत पहिला थेंब पडायला बराच वेळ लागला.