लिमा शहरी जेवणाची जागा मुकर्रर केली, ती हकिकत

श्रीमंत हेर्मेलिंदाबाईसाहेब, सेवकाच्या वडील भगिनी, यांची आज्ञा झाली जे, एका साध्या पत्राचे उत्तर धाडावयास बावीस दिवस का लागले ते घडले तसे लिहून काढणे. ऐसियास सेवक तेओफिलो, ग्रंथालयाचा निवृत्त सूचिकार, वय बहात्तर, हात कापरा, स्मरणाचा भरवसा नाही, तरी लिहितो. अधिक उणे पदरात घ्यावे.

पत्र आले आरेकिपाहून, सोराइदाबाईंचे. बाई ग्रंथालयात अकरा वर्षे सेवकाच्या समोरच्या मेजावर बसत, आणि मग आपल्या गावी परत गेल्या, त्यास वीस वर्षे लोटली. पत्रातील मजकूर जे, पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारी लिमास येते, मंगळवारी मुलाकडे परदेशी कायमची जाते, मध्ये एक दुपार मोकळी आहे. तुझे मन जसे असेल तशी जेवणाची जागा निवडून कळव. न कळवलेस तर भेटायचे नाही असे समजेन.

आता मन कसे आहे, याचाच सेवकास ठाव लागेना. मग सेवकाने तजवीज केली. शहरातील खाण्याच्या जागांची चौसष्ट कार्डे लिहिली, आणि मनाच्या अवस्थेप्रमाणे लावली: उल्हासास चिनी खाणे, ऐटीस समुद्राकाठची बडी उपाहारगृहे, उदासीस सूप, आणि धैर्यास सेविचे, म्हणजे लिंबात मुरवलेली कच्ची मासळी. कार्डे लावता लावता एकोणीस दिवस गेले.

तेव्हा बाईसाहेब संतप्त जाहल्या. “अरे तेओ, जेवायला जागा शोधतोयस की कबरस्तानात?” आणि लागलीच हुकूम फर्मावला जे, बुधवारी दुपारी बाराला टपाल निघते, तोवर उत्तर न गेल्यास आपण दस्तुरखुद्द लिहू, आणि मनास येईल ते लिहू. या धमकीने सेवकाची गाळण उडाली, आणि तो मोहिमेवर निघाला.

रविवारी चिनी गल्लीवर चाल केली. तेथे दहा माणसांचे गोल मेज एकट्या सेवकास मिळाले, आणि मग त्यावर एक अनोळखी कुटुंब नऊ माणसांनिशी येऊन बसले. आजीबाईंचा वाढदिवस होता. सेवकास गाणे म्हणावयास लावले. हाती केकचा तुकडा घेऊन सेवकाने माघार घेतली.

दुसरे दिवशी सोमवार म्हणून घरी मसूर-भात खाल्ला, आणि संध्याकाळी मिराफ्लोरेस भागातील एका बड्या उपाहारगृहावर कूच केले. तेथील पदार्थांची यादी अशी विस्कळीत, की गोडाच्या पोटात सूप शिरलेले. सेवकाने पेन्सिल काढली आणि यादी नीट लावू लागला. वेटर वाकून म्हणाला, “साहेब, जेवायला आलात की तपासणीला?” सबब तेथेही शिकस्त.

मंगळवारी, भर दुपारी, सुर्कियोच्या बाजाराशेजारी निकानोर यांच्या सेविचेच्या दुकानी मुक्काम केला. आधी मासळीचा आंबट-तिखट रस प्याला, त्यास तेथे वाघाचे दूध म्हणतात. कान तापले, डोळ्यांत पाणी आले, आणि सेवकाच्या अंगी असे शौर्य संचरले, की तो उभा राहून मोठ्याने बोलला, “येत्या सोमवारी आम्ही दोघं येऊ! कोपऱ्यातलं मेज ठेवा!”

सारे चमचे थांबले.

“सोमवारी?” निकानोर म्हणाले. “मास्तर, गाव कुठलं तुमचं? रविवारी होड्या निघत नाहीत. सोमवारी ताजी मासळी कुठून आणू?”

“वहिनींना मारायचा बेत दिसतोय!” शेजारच्या मेजावरून आवाज आला, आणि मग सारे दुकान हसले. जन्म लिमात गेला, आणि जे शेंबड्या पोरास ठाऊक ते सेवक विसरला! शौर्य गळाले. मान खाली घालून घर गाठले.

हकिकत ऐकून बाईसाहेब हसता हसता खुर्चीत बसल्या. मग डोळे पुसून त्यांनी चौकशी आरंभली.

“सोमवारी आपण काय खातो रे?”

“मसूर.”

“सगळं शहर काय खातं?”

“मसूर.”

“आणि तुम्ही दोघं अकरा वर्षं सोमवारी कुठं जेवत होतात?”

“फाउस्तिनाबाईंच्या खानावळीत. ग्रंथालयामागं.”

“मग तिनं सोमवारच का निवडला असेल, मठ्ठा?”

त्या खानावळीत मसुरावर तळलेले अंडे मिळे, आणि सोराइदाबाई दर सोमवारी आपले अंडे सेवकाच्या ताटात सरकवीत, आणि सेवक ते खाई, आणि अकरा वर्षांत त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. मग त्याने कार्डे पुन्हा चाळली. चौसष्टांत फाउस्तिनाबाईंचे नाव नव्हते. आणि भय या अवस्थेचे कार्डच लिहिलेले नव्हते, जरी बावीस दिवस दुसरी कोणतीही अवस्था नव्हती.

त्याच बैठकीत उत्तर लिहिले: “सोमवारी दीड वाजता, फाउस्तिनाबाईंकडे. खानावळ आता त्यांची मुलगी चालवते. मन भ्यालेलं आहे. या खेपेला अंडं मी देईन.”

बुधवारी बारास वीस मिनिटे कमी असता, बाईसाहेबांच्या बंदोबस्तात, सेवक टपालपेटीपाशी दाखल झाला. लखोटा फटीत घातला, आणि हात तेथेच राहिला.

“सोड,” बाईसाहेब म्हणाल्या.

येणेप्रमाणे चौसष्ट कार्डे कामी येऊन, तीन दिवसांत तीन ठाणी सोडून, खलिता रवाना झाला. सेवकाने सोडला.